खडक्याच्या बंधाऱ्यातलं पाणी

गंगाखेडात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. 'गंगेला पाणी आलं का?' असंच विचारतात. पण उत्तरेतल्या त्या गंगेच्या माथ्यावर गंगोत्रीची हिमनदी आहे. ती वर्षानुवर्षं मागे सरकतेय, तरी भर उन्हाळ्यात वितळून पाणी देते. आमची गंगा त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघते. तिथे कसला बर्फ? पाऊस आणि पैठणला अडवलेलं जायकवाडीचं पाणी, एवढीच हिची शिल्लक.

सोनपेठ तालुक्यातला खडका बंधारा याच गंगेवर. तिथलं पाणी जातं शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्राला. 1971 साली 30 मेगावॉटच्या संचाने तिथे सुरुवात झाली. 2010 मध्ये 250 मेगावॉटचा सातवा संच आला. वीज हवीच होती. रात्री-बेरात्री लाइट आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला धावणाऱ्याला चिमणीच्या धुराचं काय सांगणार? कोळशावरची एक युनिट वीज म्हणजे हवेत साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड, हा हिशेब तेव्हा आमच्याकडे कुणी मांडत नव्हतं.

मग 2013 उजाडलं. फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद पडलं. त्याच वर्षी मे महिन्यात हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 400 च्या उंबरठ्यावर पोचला. 1958 ला मोजणी सुरू झाली तेव्हा तो 315 च्या आसपास होता. एका परळीने तो वाढवला नाही, आणि 2013 चा दुष्काळ थेट त्याच्याच माथी मारणंही मला पटत नाही. मराठवाड्याने 1972 ही पाहिलंय. पण धूर सोडणारं केंद्रच पाण्यावाचून थंड पडावं, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. जुलै 2015 मध्ये ते पुन्हा थांबलं, तेही वर्षाहून जास्त काळ. त्या उन्हाळ्यांत नदीपात्रात वाळू उकरून झिरे काढायचे, वाटीने पाणी भरायचं आणि गाळ खाली बसेपर्यंत घागरीपाशी बसून राहायचं.

पण याची दुसरी बाजूही आहे: त्याच कार्बन डायऑक्साइडने तापलेली हवा अंशाला सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. हिमालयातला बर्फ ज्या उष्णतेने वितळतो, तीच इकडे ढग फुगवते. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं, आणि काढणीला आलेल्या सोयाबीनवरून गंगा वाहिली.