गृहोपयोगी इंधनाची बेगमी : तत्त्वे आणि मर्यादा

पावसाळ्यापूर्वी घरात सरपण साठवून ठेवण्याची रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आलेली आहे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडास आगोट म्हणतात. धान्य, मीठ, सुकी मासळी यांबरोबरच लाकूडफाटा, करवंट्या व झावळ्या यांचा संग्रह हा आगोटीच्या बेगमीचा आवश्यक भाग होय. देशावर हेच कार्य गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगाने होते. इंधनाची साधने आज पालटली असली, तरी पुरवठा खंडित होण्याचा संभव नाहीसा झालेला नाही. यास्तव घरगुती साठवणीमागील तत्त्वांचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

प्रथम लाकडाचा विचार करू. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग पाण्याचा असू शकतो. उन्हावाऱ्यात नीट वाळल्यावर हे प्रमाण शेकडा १५ ते २० वर येते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास, ते तापविण्याच्या उष्णतेसह, सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. पूर्ण कोरड्या लाकडापासून किलोमागे सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते असे धरल्यास, निम्मे पाणी असलेल्या ओल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे १,९५० आणि शेकडा १५ ओलावा असलेल्या लाकडापासून सुमारे ३,७०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तेवढ्याच वजनाचे वाळके सरपण जवळजवळ दुप्पट काम देते. शिवाय ओल्या लाकडाची ज्योत थंड राहिल्याने ज्वलन अपुरे होते व धूर वाढतो.

जुन्या रीतींचे मर्म यात आहे. ओंडके फोडून ढलप्या केल्याने पृष्ठभाग वाढतो व ओलावा लवकर निघून जातो. ढीग दगडांवर वा आडव्या वाशांवर रचल्याने जमिनीची ओल व वाळवी दूर राहते, आणि फटींतून वारा खेळतो. गोवऱ्यांच्या ढिगास बाहेरून शेणाचा लेप दिला म्हणजे त्याचे कवच बनते व पावसाचे पाणी वरून वाहून जाते. मात्र अशा ढिगात साप व विंचू आश्रय घेतात. म्हणून तो निजण्याच्या जागेपासून दूर असावा व त्यात अंधारात हात घालू नये.

रॉकेलाची गोष्ट निराळी. ज्या तापमानास द्रवावरील वाफ ठिणगी लागताच क्षणभर पेटते, त्यास प्रज्वलनबिंदू म्हणतात. रॉकेलाच्या बाबतीत तो ३५ अंश सेल्सिअसहून अधिक असतो. पेट्रोलच्या बाबतीत तो शून्याखाली सुमारे ४० अंश असतो. म्हणजे पेट्रोलची वाफ आपल्याकडील कोणत्याही ऋतूत पेट घेण्यास सिद्ध असते. रॉकेलात थोडे पेट्रोल मिसळले तरी प्रज्वलनबिंदू झपाट्याने उतरतो, आणि निरुपद्रवी वाटणारा स्टोव्ह घातक ठरतो. म्हणून पेट्रोलच्या डब्यात रॉकेल कधीही भरू नये. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत बाळगण्यास परवाना लागत नाही. परंतु कायद्याची ही सूट म्हणजे सुरक्षिततेची ग्वाही नव्हे. स्वयंपाकघरात पेट्रोल ठेवण्यास कोणतेही सबळ कारण नाही. डबा काठोकाठ भरणेही इष्ट नाही. रॉकेल दर अंशास सुमारे एक सहस्रांश प्रसरण पावते. २० अंशांवर भरलेले २० लिटर रॉकेल ४० अंशांवर सुमारे ०.४ लिटरने वाढते. तेवढी जागा मोकळी न ठेवल्यास ते बूच ढकलून बाहेर येते.

स्वयंपाकाचा गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो व बाहेर पडताच सुमारे अडीचशे पटींनी फुगतो. तो हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यास जमिनीलगत पसरतो व खोलगट जागी साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात वा खड्ड्यात ठेवू नये. तो उभाच ठेवावा. आडवा केल्यास वायूऐवजी द्रव झडपेतून बाहेर येतो. वास येताच दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटन मात्र लावू वा बंद करू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविण्याचा धोका तितकाच गंभीर आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनाशी प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट बळकटपणे संयोग पावतो.

साठा किती असावा, याचा हिशेब कठीण नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील गॅसपासून, शेगडीची कार्यक्षमता शेकडा ६० धरल्यास, सुमारे ९३,००० किलोकॅलरी भांड्यास मिळतात. साध्या चुलीची कार्यक्षमता शेकडा १२ धरली, तर तेवढ्याच कामास वाळके लाकूड सुमारे २०० किलो लागते. दररोज ४०० ग्रॅम गॅस वापरणाऱ्या कुटुंबास एक सिलिंडर ३५ दिवस पुरतो; त्याच कुटुंबास चुलीवर पंधरवडा काढावयाचा झाल्यास सुमारे ८५ किलो सरपण हवे. हे अंगण असलेल्या घरी शक्य आहे, एका खोलीत राहणाऱ्यास नाही. त्याच्या दृष्टीने भरलेला दुसरा सिलिंडर हीच बेगमी होय.

तथापि एकाच इंधनाचा दुहेरी साठा पुरेसा नाही. सप्टेंबर २०१५ पासून चार महिन्यांहून अधिक काळ नेपाळच्या दक्षिण सीमेवरील वाहतूक विस्कळीत झाली, तेव्हा काठमांडूत अर्धे भरलेले सिलिंडर वाटावे लागले आणि अनेक कुटुंबे लाकडाकडे व विजेच्या शेगडीकडे वळली. भारतातही स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक भाग आयात होतो. म्हणून दुसरे साधन वेगळ्या मार्गाने येणारे असावे : गॅसच्या जोडीस वीज, आणि जेथे वादळात वीजही जाते तेथे वाळके सरपण.

घरातील साठा हा अडचणीपुरता असावा. गरजेहून अधिक साठविलेले इंधन शेजाऱ्याच्या वाट्यास तुटवडा आणते व स्वतःच्या घरी आगीची भीती वाढविते. जुना साठा आधी वापरावा, नवा मागे ठेवावा, आणि आगोटीच्या सुमारास दरवर्षी त्याची पाहणी करावी. बेगमीचे खरे शहाणपण परिमाणात नसून या नियमितपणात आहे.