पुढे जा, मागे या... आणि मधेच फोन आला तर?

खरिपाची पेरणी उरकली की हॉस्टेलवरच्या पोरांना गावाकडून एक ठरलेला फोन येतो. 'अरे, ते पीक पाहणीचं तेवढं करून दे की.' वैजापूर असो, कन्नड असो नाहीतर सिल्लोड, घरात शिकलेलं पोरगं म्हणजे घरचं सेतू केंद्र. शनिवारी एसटी पकडायची, रविवारी बांधावर उभं राहायचं आणि फोनच्या स्क्रीनवर एकामागून एक येणाऱ्या रकान्यांना उत्तरं देत बसायचं. शेजारी उभे राहून आण्णा विचारतात, 'झालं का?' आपण म्हणतो, 'थांबा हो, अजून फोटो राहिलाय.'

आपल्यातले कितीतरी जण कॉम्प्युटर सायन्स, बीसीए, इंजिनिअरिंग करतात. फायनल इयरला ॲप बनवतात. पण पायरी-पायरीने भरायचा फॉर्म कसा असावा (आणि कसा नसावा) हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, आणि ते आपल्या खिशातच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. यातल्या १२ मध्ये पिकांची नोंद असते आणि ती वर्षानुवर्षे तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' ॲप आलं आणि नोंद करायचं काम शेतकऱ्याच्या हातात गेलं. ॲपमध्ये आधी विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. मग नावाने किंवा गट क्रमांकाने खातेदार शोधायचा. पुढे हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, सिंचनाची पद्धत, लागवडीची तारीख. शेवटी शेतात उभं राहून पिकाचा फोटो, अक्षांश-रेखांशासकट.

आता यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की एक रकाना चुकला तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्य सरकारने मदत जाहीर केली. ०.२ हेक्टरपर्यंत सरसकट १,००० रुपये आणि त्याहून जास्त असेल तर हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत. पात्रतेसाठी ई-पीक पाहणीतली नोंद बघायचं ठरलं. ज्यांनी कापूस पिकवला, विकला, पण ॲपमध्ये नोंदवला नव्हता, ते यादीबाहेर. ओरड झाल्यावर सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही सामावून घ्यावं लागलं. शेतात पीक उभं आणि फॉर्ममध्ये मात्र पडीक, असा हा प्रकार.

तुकडे कुठे पाडायचे?

लांबलचक फॉर्म एका पानावर दिला तर माणूस घाबरतो, म्हणून त्याचे तुकडे करायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइट बनवणाऱ्या टीमने तर 'एका पानावर एकच गोष्ट' असा नियमच करून टाकला. आपल्याकडे मात्र तुकडे पाडताना हिशोब वेगळाच असतो. डेटाबेसमध्ये जेवढी टेबलं, तेवढ्या पायऱ्या. महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरलेल्यांनी ते टॅब आठवून बघा. वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा कोर्स, आधीचं शिक्षण, हॉस्टेल. ऑफिसातल्या फायलीसाठी हे बरोबर आहे. पण भरणाऱ्याला दुसऱ्या टॅबवर कळतं की अमुक दाखला लागतो, तो घरच्या पेटीत आहे आणि घर ८० किलोमीटरवर.

माझ्या मते पायरी तिथे संपायला हवी, जिथे माणसाला फॉर्म सोडून उठावं लागतं. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं लागतं, तिथे एक पायरी संपली. गट क्रमांक विचारायला आण्णांना फोन लावावा लागतो, तिथे दुसरी. घरातून शेतात जावं लागतं, तिथे तिसरी. आणि प्रत्येक ठिकाणी तोवर भरलेलं सगळं फोनमध्ये जतन झालेलं असावं. पुन्हा ॲप उघडलं की तिथूनच पुढे.

हे बोलायला सोपं आहे. करताना सगळ्यात मोठा घात कॅमेरा करतो. कमी रॅमच्या फोनवर तुमच्या ॲपने कॅमेरा उघडला की जागा करायला अँड्रॉइड मागे राहिलेलं तुमचं ॲपच बंद करून टाकू शकतं. माणूस कपाशीचा फोटो काढून परत येतो तर ॲप पहिल्या पानावर. मागच्या सगळ्या पायऱ्या वाऱ्यावर. तुमच्या लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये आणि ८ जीबीच्या फोनमध्ये हे कधी दिसत नाही, म्हणून प्रोजेक्टच्या व्हायव्हात सगळं छान चालतं. फ्लटरच्या 'इमेज पिकर' पॅकेजमध्ये तर यासाठी 'रिट्रीव्ह लॉस्ट डेटा' नावाची सोय मुद्दाम दिलेली आहे, हरवलेला फोटो परत मिळवायला. ती वापरणारे विद्यार्थी किती, हा वेगळा प्रश्न.

फ्लटर शिकणाऱ्यांसाठी आणखी दोन खोड्या सांगते. तयार 'स्टेपर' मिळतो, त्यात सगळ्या पायऱ्यांना मिळून एकच फॉर्म-की दिली की पहिल्या पायरीवर 'पुढे' दाबताच पाचव्या पायरीचे रिकामे रकानेही तपासले जातात आणि गाडी तिथेच अडते. प्रत्येक पायरीला स्वतःची की द्यावी. दुसरं, 'पेजव्ह्यू' वापरला तर नजरेआड गेलेली पानं मोडीत निघू शकतात. मागे आलं की रकाने कोरे. म्हणून लिहिलेला मजकूर पानाच्या आत ठेवायचा नाही, पानांच्या वर एका जागी ठेवायचा, आणि प्रत्येक 'पुढे'बरोबर स्थानिक डेटाबेसमध्ये उतरवायचा. बाकी कोड यूट्यूबवर ढिगाने आहे.

एकर की हेक्टर

आता खऱ्या त्रासाकडे येऊ. तो कोडमध्ये नसतो, शब्दांत असतो.

आपल्याकडे जमीन एकर-गुंठ्यात बोलली जाते. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि फॉर्मही तेच मागतो. आण्णा म्हणतात 'तीन एकर कापूस', पोरगं घाईत ३ टाकतं. झाले ३ हेक्टर, म्हणजे जवळपास साडेसात एकर! खरं उत्तर होतं १.२१. यावर 'चुकीची माहिती' असा लाल शब्द दाखवून काय उपयोग? रकान्याखाली लगेच 'म्हणजे सुमारे ७ एकर १६ गुंठे' असं उमटलं तर आण्णाच म्हणतील, 'ए, एवढी कुठं हाय आपली!' तपासणी अशी हवी, की चूक माणसाच्या स्वतःच्या लक्षात यावी.

आकड्यांचीच आणखी एक गंमत. मराठी कीबोर्डवरून कुणी '१२' लिहिलं तर पायथन ते बिनतक्रार बारा समजतं. जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही. डार्टलाही नाही. मराठी माणसासाठी मराठी ॲप बनवायचं आणि मराठी आकडा नाकारायचा, हे जरा अतीच झालं. दोन ओळींचं रूपांतर आधी करून घ्या.

गावाच्या यादीचंही तसंच. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे २०२३ मध्ये बदललं, पण कुठल्या फॉर्ममध्ये आपण 'छ'मध्ये सापडतो आणि कुठल्या फॉर्ममध्ये अजून 'औ'मध्ये, हे फॉर्म उघडल्यावरच कळतं. शोधताना दोन्ही नावं चालली पाहिजेत, एवढी साधी गोष्ट.

आणि प्रश्नाची भाषा? लाडकी बहीण योजनेची २०२५ मधली ई-केवायसी आठवा. कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत 'नाही' अशा अर्थाचं विधान, आणि त्याखाली होय किंवा नाही निवडायचं. नोकरीत कुणी नाही, म्हणून सरळ मनाने 'नाही' दाबलं की अर्थ उलटा! कित्येक बहिणींचं असं झालं आणि दुरुस्तीसाठी नंतर वेगळी संधी द्यावी लागली. प्रश्न सरळ विचारा: घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का? संपलं. नकारार्थी वाक्य आणि होय-नाही हे एकत्र आलं की भलेभले गडबडतात, आपल्या एमसीक्यूच्या पेपरात आपणही गडबडतो.

'जतन झाले' म्हणजे पोहोचले?

ई-पीक पाहणीचं एक कौतुक करायला हवं. शेतात रेंज नसते हे गृहीत धरून माहिती आधी फोनमध्ये साठवायची आणि नेटवर्क आल्यावर 'अपलोड' करायची, अशी सोय त्यात होती. विचार एकदम बरोबर. पण त्यातून नवा गोंधळ होतो. शेवटचं बटण दाबलं, 'साठवली' असा मेसेज आला, फोन खिशात. अपलोड राहून गेलं. सरकारच्या लेखी काहीच भरलेलं नाही. साठवणं आणि पाठवणं ही आपल्याला दोन कामं वाटतात, शेतकऱ्याला एकच. म्हणून शेवटच्या स्क्रीनवर ठळक लिहिलेलं असावं: 'अजून पाठवलेलं नाही, रेंजमध्ये आल्यावर आपोआप जाईल.' आणि गेल्यावर तसं सांगावं. तेही मराठीत, 'सक्सेस' वगैरे नको. शिवाय रेंज अर्धवट असताना माणूस 'पाठवा' तीन वेळा दाबतो, म्हणून प्रत्येक अर्जाला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक द्या. तोच अर्ज पुन्हा आला तर सर्व्हरला कळेल.

२०२२ च्या नव्या आवृत्तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत ती दुरुस्त करायची मुभा मिळाली. मला हा त्या ॲपमधला सगळ्यात माणुसकीचा बदल वाटतो. कारण फॉर्म भरणारा एक आणि फॉर्म ज्याचा तो दुसरा, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. संध्याकाळी जेवताना आण्णांना आठवतं की वरच्या तुकड्यात कापूस नाही, तूर आहे. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, हेही त्याच वास्तवाला धरून आहे. तुम्ही ॲप बनवाल तेव्हा शेवटी सगळी उत्तरं एका पानावर दाखवा, प्रत्येकासमोर 'बदला' द्या, आणि ते पान व्हॉट्सॲपवर गावी पाठवता येईल असं करा. मोठ्या अक्षरात. चष्मा घरी विसरलेला असतो.

यंदा प्रोजेक्टसाठी पुन्हा हॉटेल बुकिंग किंवा लायब्ररी मॅनेजमेंट घेणार असाल तर थांबा, असाच एखादा सहा-सात पायऱ्यांचा फॉर्म करून बघा. टेस्टिंगला वर्गातले मित्र नकोत, ते तुमच्या चुका सांभाळून घेतात. जाधववाडीच्या मार्केट यार्डात सकाळी माल उतरवून निवांत बसलेले शेतकरी भेटतात. वापरसुलभतेवर काम करणारे जेकब निल्सन सांगतात की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक चुका सापडतात. त्यांना विचारून, चहा सांगून, फोन त्यांच्या हातात द्या. 'इथं दाबा काका' म्हणायचं नाही. फक्त अंगठा कुठे थांबतो, ते मागे कधी येतात, शेजारच्याला काय विचारतात, ते वहीत लिहून घ्या. तुमची ती सुंदर फिकट राखाडी अक्षरं अकराच्या उन्हात दिसतात का, तेही तिथेच कळेल.