थंडीतली जुनी व्हॅन : ऊब, हवा आणि प्रमाण



मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणविचार पाहिला. त्यानंतर जर्मनीत राहणाऱ्या एका श्रोत्यांचा प्रश्न आला. वरवर पाहता त्याचा तत्त्वज्ञानाशी काही संबंध नाही. या नवरा-बायकोंनी 1970च्या दशकातली फोक्सवॅगनची कॅम्पर व्हॅन घेतली आहे. मागे बिछाना, छोटा ओटा, वर उचलता येणारं छप्पर, अशी. डिसेंबरात ती चालवताना पाय गोठतात, काच आतून वाफेनं भरते, आणि हीटर उघडला तरी नावापुरती झुळूक येते. काय करावं?

हा प्रश्न आज घेतोय, कारण त्याचे तीन भाग पडतात. उष्णता येते कुठून? जाते कुठे? आणि आत येणारी उबदार हवा निर्धोक आहे हे आपल्याला कळतं कसं? तिसरा भाग शुद्ध प्रमाणशास्त्राचा आहे, आणि त्यात जिवाचा प्रश्न आहे.

आधी थंडी म्हणजे काय ते पाहू. वैशेषिकांनी स्पर्शाचे तीन प्रकार मानले : शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे ना थंड ना गरम. शीत स्पर्श पाण्याचा, उष्ण स्पर्श तेजाचा, तिसरा पृथ्वी आणि वायूचा. म्हणजे त्यांच्या लेखी थंडी हा स्वतंत्र, भावरूप गुण होता. आधुनिक भौतिकशास्त्र तसं मानत नाही. तिथे थंडी म्हणजे उष्णतेचं कमी असणं, एवढंच. आता आपण म्हणतो, ‘गाडीत थंडी शिरते’. हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतं. एक, पत्र्यातून आणि काचेतून आतली उष्णता बाहेर जाते. दुसरी, फटींतून बाहेरची गार हवा खरोखरच आत येते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. लोक एकीवरचा उपाय दुसरीवर करतात आणि मग म्हणतात, काही फरक पडत नाही.

आता उष्णता येते कुठून? ही व्हॅन 1950 मध्ये वोल्फ्सबुर्गला बनायला लागली, 1956 पासून हानोफरला. आपल्या श्रोत्यांची गाडी दुसऱ्या पिढीतली आहे. ती जर्मनीत 1967 ते 1979 या काळात बनत होती. इंजिन मागे, आणि हवेनं थंड होणारं. सगळी गोम इथेच आहे. नेहमीच्या गाडीत इंजिनाची उष्णता पाणी घेतं, ते गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, आणि पंखा त्यावरून हवा सोडतो. इथे पाणीच नाही. मग केलंय काय, तर इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपांभोवती पत्र्याची पेटी बसवली आहे. तिला हीट एक्स्चेंजर म्हणतात. इंजिन थंड करणारा जो पंखा आहे, त्याचीच थोडी हवा या पेटीतून जाते, पाइपाला लागून तापते, आणि गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळीनं पुढे चालकाच्या पायांपर्यंत आणि काचेपर्यंत येते. मध्ये झडपा असतात. डॅशबोर्डवरचा दांडा सरकवला की केबल ओढली जाते आणि झडप उघडते.

उष्णतेला तोटा नाही, बरं का. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच चाकांकडे पाठवतं. समजा हमरस्त्यावर इंजिन 20 किलोवॅट काम करतंय. मग जवळपास 60 किलोवॅट नुसती उष्णता म्हणून वाया जाते. त्यात काही घरं गरम होतील. म्हणजे गाडी गार राहते ती उष्णता नाही म्हणून नव्हे, ती पोचत नाही म्हणून.

का पोचत नाही? पंखा इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. इंजिन हळू, तर हवा कमी. सिग्नलला थांबलात की ऊब संपली. शिवाय मागून पुढे येणारी ती नळी बाहेरच्या गारठ्यात असते. तिच्यावरचं मूळ वेष्टन पन्नास वर्षांत झडून गेलेलं असतं, आणि वाटेतच उष्णता रस्त्याला दान होते. जोडाच्या लवचिक नळ्या फाटलेल्या असतात. केबल गंजून झडप अर्धीच उघडते. तेव्हा पहिलं काम नवीन हीटर घेण्याचं नाही. गाडी लिफ्टवर घ्या, एकाला दांडा सरकवायला सांगा, आणि खालून झडप पूर्ण हलते का ते डोळ्यांनी पाहा. नळ्या बदला. मुख्य नळीवर उष्णतारोधक वेष्टन चढवा, वर पाणी न शिरणारं आवरण घाला. निम्मी तक्रार इथेच मिटते.

आता दुसरा भाग. उष्णता जाते कुठे? थोडं गणित करू, घाबरू नका. उघडा पत्रा आणि एकेरी काच दोन्ही जवळपास सारखीच उष्णता सोडतात. दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या प्रत्येक अंश फरकामागे, ढोबळमानानं 6 वॅट. लोकांना वाटतं काच वाईट आणि पत्रा बरा. तसं नाही. दोन्ही पातळ, दोन्हींचा अडथळा नगण्य. बाहेर उणे 5, आत 20, म्हणजे फरक 25 अंशांचा. गाडीचा पृष्ठभाग 24 चौरस मीटर धरा. 24 गुणिले 6 गुणिले 25, झाले 3600 वॅट. त्यात फटींतून येणाऱ्या हवेचे हजारभर वॅट मिळवा. वारा लागला की हे सगळं वाढतं, आणि चालत्या गाडीला वारा लागतोच.

या गणितातून तीन गोष्टी निघतात. पहिली, विजेच्या हीटरचा नाद सोडा. जुन्या डायनामोची ताकद साधारण 30 अँपियर. 12 व्होल्टला ते झाले 360 वॅट. हेडलाइटचे दोन दिवे आणि वायपर यांतच त्यातला मोठा वाटा जातो. हजार वॅटचा हीटर त्यावर चालणार नाही, बॅटरी मात्र बसेल.

दुसरी, सगळी गाडी गरम करायची कशाला? पुढच्या दोन आसनांमागे छपरापासून जमिनीपर्यंत जाड पडदा लावा. प्रवासात मागचा बिछाना गारठला तर बिघडत नाही. पडद्यानं तापवायची जागा एकदम लहान होते. मात्र मागे मूल बसलं असेल तर पडदा नको; तिथे सगळ्यांनी एकाच हवेत राहावं.

तिसरी, हवा गरम करण्यापेक्षा माणूस गरम करणं स्वस्त. काश्मिरात फिरनच्या आत कांगडी धरतात, ती याच न्यायानं. अर्थात गाडीत निखारे नकोत. पण आसनावर टाकायची विजेची गादी 50 वॅटच्या आसपास घेते, आणि तेवढं डायनामोला झेपतं. शेकायची रबरी पिशवी शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर चालेल. पायाखाली जाड नमदा आणि त्यावर रबरी चटई घाला. पेडल आणि केबल जिथून जमिनीतून जातात तिथली रबरं बदला. दरवाजांचं बीडिंग तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज सरकली तर तिथून वारा येतो. चालकानं मात्र फार फुगीर जाकीट घालू नये, त्यानं सीटबेल्ट अंगाला नीट बसत नाही. जाड बूटही नकोत, एका पायात दोन पेडल येतात.

काचेवरच्या वाफेचं उत्तर उलटं वाटेल, पण ते खरं आहे : थोडी बाहेरची हवा आत घ्या. हिवाळ्यातली गार हवा कोरडी असते. तापली की ती बाष्प शोषते. सगळ्या फटी, खिडक्या गच्च बंद केल्या तर तुमच्याच श्वासाचं पाणी काचेवर बसतं. ओले बूट आणि कोट पडद्यामागे टाका.

आता तिसरा भाग. इथे मला तुमचं पूर्ण लक्ष हवंय.

ही उबदार हवा कुठून येते ते आठवा. विषारी धूर वाहणाऱ्या पाइपाला घासून येते. मध्ये फक्त धातूची एक भिंत. ती गंजून भोक पडलं किंवा जोड सुटला, तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या पायांशी. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लक्षणं काय? डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती, झोप. थंडीत लांब गाडी चालवणाऱ्याला हे सगळं साध्या थकव्यासारखंच वाटतं. म्हणजे ज्या बुद्धीनं धोका ओळखायचा, तीच आधी मंद होते.

न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी. पण उलट चालत नाही. त्यासाठी नैयायिक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देतात : अग्नी आहे, धूर नाही. आपला हीट एक्स्चेंजर नेमका तोच गोळा आहे. धुराचा वास आला तर गळती आहे असं अनुमान बरोबर. वास आला नाही, म्हणून गळती नाही, हे अनुमान चूक.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती आणखी एक प्रमाण मानतात, अनुपलब्धी. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्यांनी अट घातली आहे : ती वस्तू असती तर दिसली असती, अशी योग्यता हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत आपलं नाक कायमचं अंधारात आहे. ‘मला तर काही जाणवत नाही’ या वाक्याला इथे प्रमाण म्हणून शून्य किंमत आहे.

देकार्तनं 1619च्या नोव्हेंबरात जर्मनीतच, शेगडीनं तापवलेल्या खोलीत बसून आपल्या विचारांचा पाया शोधला. त्याला शंका घ्यायला ऊब होती. आपल्याला उबेचीच शंका घ्यायची आहे.

म्हणून वेगळं इंद्रिय विकत आणा : कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. युरोपात फिरत्या वाहनांसाठीचं मानक ईएन 50291-2 आहे; डब्यावर ते पाहून घ्या. दर हिवाळ्याआधी मेकॅनिककडून हीट एक्स्चेंजर आणि जोड तपासून घ्या. मागच्या दाराचं आणि इंजिनाच्या झाकणाचं रबर धड ठेवा, कारण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथूनही आत ओढला जातो. बर्फात उभ्या गाडीचं इंजिन ऊब म्हणून चालू ठेवू नका. बर्फानं एक्झॉस्टचं तोंड बुजतं. स्वयंपाकाची गॅसशेगडी ऊब घ्यायला कधीही पेटवायची नाही, आणि प्रवासात सिलिंडर बंद.

एवढं करूनही ऊब कमी पडली तर पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारा स्वतंत्र हीटर बसवता येतो. 2 किलोवॅटचा डिझेल हीटर तासाला साधारण पाव लिटर घेतो. त्याची जळणाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. तो जाणकाराकडूनच बसवून घ्या. त्यालाही अलार्म हवाच.

तर श्रोत्यांना माझं उत्तर क्रमानं असं : आधी अलार्म, मग एक्स्चेंजरची तपासणी, मग केबल आणि नळ्या, मग फटी, मग पडदा, आणि सगळ्यात शेवटी नवीन हीटर. अलार्म वाजला तर खिडक्या उघडा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बाहेर पडा. डोकं जड वाटत असेल तर आपत्कालीन मदत बोलवा. अलार्म खरा की खोटा, ही चर्चा गाडीबाहेर उभं राहून, मोकळ्या हवेत करायची.

आता तुमचे प्रश्न घेऊ.