बाळाची खूण ओळखणारे घर

छत्रपती संभाजीनगर जिल्हा औरंगाबाद या नावाने ओळखला जात होता, तेव्हा तेथे आणि यवतमाळमध्ये ‘आरंभ’ हा उपक्रम राबवला गेला. एकात्मिक बाल विकास सेवा योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या या कामात अंगणवाडी सेविका गृहभेटीत वजन-लसीकरणापाशी न थांबता बाळाशी बोलणे, खेळणे आणि त्याच्या खुणांना प्रतिसाद देणे यांविषयीही पालकांशी बोलत. बाळाची खूण दिसणे, तिचा अर्थ लागणे आणि तिला वेळेवर, साजेसे उत्तर मिळणे, याला प्रतिसादी संगोपन म्हणतात.

अशा प्रतिसादातून बाळात भरवसा रुजतो. भीती वाटली की या माणसाकडे जावे, हा भरवसा म्हणजे सुरक्षित भावबंध. जॉन बोल्बी यांनी भावबंधाचा सिद्धान्त १९६९च्या ग्रंथात सविस्तर मांडला, तर मेरी एन्सवर्थ यांनी तो घरोघरी जाऊन तपासला. अनोळखी खोलीतून आई काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन परतल्यावर वर्षभराचे बाळ तिच्यापाशी येऊन शांत होते आणि पुन्हा खेळू लागते का, यावरून हा बंध जोखण्याची पद्धत त्यांचीच. त्याआधी, १९५४-५५मध्ये, युगांडातील खेड्यांत त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती : ज्या आया आपल्या बाळाचे बारीकसारीक तपशील आपणहून सांगत, त्यांच्या बाळांचा बंध अधिक सुरक्षित असे.

असे पाहणे आपल्याकडच्या न्हाणीत रोज घडू शकते. पायांवर आडवे घेऊन तेल चोळताना बाळ मान फिरवते, मुठी आवळते. तेव्हा आजीने हात थांबवून त्याच्याशी दोन शब्द बोलावे आणि अंग सैल पडल्यावरच पुढे चोळावे, यात प्रतिसादी संगोपनाचे सारे सार आहे. मात्र बाळ आक्रंदत असताना मालीश उरकून घेतले, तर ते उत्तर ठरत नाही. प्रत्येक खूण अचूक ओळखता येत नाही, तशी गरजही नाही, कारण चुकलेले सावरून घेतल्यानेही भरवसा वाढतो.

आईच्या प्रतिसादाचा भावबंधाशी संबंध खरा असला तरी मध्यम आहे, असे अनेक अभ्यास एकत्र करून १९९७मध्ये दाखवले गेले, म्हणून बाळाच्या चिडचिडीचा दोष आईवर टाकणे अन्यायाचे आहे. रात्रभर जागून सकाळी रानात कामाला जाणाऱ्या बाईला खुणा टिपण्याची उसंत कोठून मिळणार? त्यामुळे गृहभेटीत बाळाइतकीच तिच्या झोपेची चौकशी व्हावी, आणि हे काम वडिलांनीही वाटून घ्यावे म्हणून ही भेट ते घरी असतील अशा वेळी ठरवावी.