संगणकातील फाईल पुसणे : सामान्य व सुरक्षित पद्धती

प्रस्तावना :
परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्तीचे काम आज संगणकावर चालते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, जातीचे दाखले व गुणपत्रके विभागाच्या संगणकात साठत जातात. कालांतराने तो संगणक दुरुस्तीस वा भंगारात जातो. फाईल 'डिलीट' केली म्हणजे माहिती नष्ट झाली, हा समज कितपत खरा आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सामान्य पद्धती :
विंडोजच्या फाईल मॅनेजरमध्ये फाईल निवडून 'डिलीट' कळ दाबल्यास ती रिसायकल बिनमध्ये जाते व परत आणता येते. 'शिफ्ट' कळीसह दाबल्यास ती बिनमध्ये जात नाही. तथापि दोन्ही वेळी मूळ मजकूर हार्डडिस्कवर राहतोच. दुसऱ्या पद्धतीत केवळ त्याची नोंद रद्द होते. ग्रंथालयातील कॅटलॉगचे कार्ड काढले तरी ग्रंथ कपाटातच असतो, तसे हे आहे. त्या जागी नवी माहिती लिहिली जाईपर्यंत जुनी फाईल रिकव्हरी सॉफ्टवेअरने मिळू शकते.

सिमसन गारफिंकेल व अभी शेलाट यांनी अमेरिकेत १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेऊन केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतील १२९ पैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या.

सुरक्षित पद्धती :
सुरक्षित पद्धतीत जुन्या मजकुरावर दुसरी माहिती लिहिली जाते. लिनक्समधील 'श्रेड' ही आज्ञा निवडलेल्या फाईलवर, तर विंडोजमधील 'सायफर' ही आज्ञा योग्य पर्यायासह डिस्कच्या रिकाम्या जागेवर असे पुनर्लेखन करते. म्हणून विंडोजमध्ये फाईल आधी डिलीट करून बिन रिकामा करावा लागतो. चुंबकीय हार्डडिस्कसाठी एकदा केलेले पुनर्लेखनही सामान्यतः पुरेसे ठरते.

एसएसडी व पेन ड्राईव्हमध्ये मात्र नवी माहिती वेगळ्याच जागी लिहिली जाऊ शकते. त्यामुळे पुनर्लेखनाची खात्री देता येत नाही. एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेली संपूर्ण डिस्क पुसण्याची सुविधा वापरावी किंवा प्रारंभापासूनच डिस्क कूटबद्ध ठेवावी. निकामी डिस्क फोडणे इष्ट.

निष्कर्ष :
गरज संपलेली वैयक्तिक माहिती पुसण्याची तरतूद डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आहे. जतन करणे बंधनकारक असलेले अभिलेख मात्र मुदतीपूर्वी पुसू नयेत. सुरक्षितपणे पुसलेली फाईल परत मिळत नाही. म्हणून आधी अभिलेखाची मुदत व प्रत तपासावी, नंतर डिस्क पुसावी आणि त्यानंतरच संगणक महाविद्यालयाबाहेर द्यावा. विद्यार्थ्याने विश्वासाने दिलेल्या माहितीबाबत एवढी दक्षता प्राध्यापकांनी घेणे आवश्यक आहे.