विश्लेषण : ओपिऑइडचे व्यसन सुटल्यावरही माणूस पुन्हा गोळीकडे का वळतो?

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावात व्यसनाचा विषय निघाला, की बोलणे दारूवरच येऊन थांबते. वेदनाशामक गोळ्या, खोकल्याचे औषध किंवा गर्द यांच्या व्यसनाला मात्र दारूसारखा वास येत नाही. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. यावर उपचार आहेत आणि ते उपयोगीही पडतात. पण उपचार घेऊन परतलेला माणूस काही महिन्यांत पुन्हा त्याच गोळीकडे वळला, की ‘याला सुधारायचेच नाही’ असा शेरा मारून सारे मोकळे होतात. हा शेरा कितपत खरा आहे?

ओपिऑइड म्हणजे नेमके काय?

अफूपासून तयार होणारे किंवा अफूसारखाच परिणाम करणारे पदार्थ म्हणजे ओपिऑइड. अफू, हेरॉइन आणि त्याचा भेसळयुक्त प्रकार असलेली ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, हे त्यातले परिचित पदार्थ. मॉर्फिन, ट्रामाडॉल, कोडीन ही औषधेही याच गटातली. कर्करोगाच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत यातली काही औषधे फार मोलाची ठरतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेत राहणे धोक्याचे असते. ट्रामाडॉलचा गैरवापर वाढल्याने केंद्र सरकारने २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले.

दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेत होते. त्यातल्या सुमारे ७७ लाख लोकांना उपचाराची किंवा मदतीची गरज होती.

शरीर सावरल्यावरही ओढ का राहते?

हेरॉइन बंद केल्यावर काही तासांतच अंगदुखी, जुलाब, नाक-डोळ्यांतून पाणी, घाम, अस्वस्थता आणि निद्रानाश सुरू होतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. साधारण आठवडाभरात हा त्रास ओसरतो. घरच्यांना वाटते, सुटला. प्रत्यक्षात उपचारांचा अवघड भाग इथूनच सुरू होतो.

ओपिऑइड मेंदूतील वेदना आणि सुखाशी संबंधित केंद्रांवर काम करते. दीर्घकाळ बाहेरून पुरवठा होत राहिला, की मेंदू त्याच्या भरवशावर चालू लागतो. पुरवठा थांबल्यावर ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा अतिसंवेदनशील होते आणि ही स्थिती काही आठवडे, कधी काही महिने टिकते. या काळात झोप नीट लागत नाही, कशात मन रमत नाही आणि साध्या बोलण्याचाही राग येतो. अशा वेळी मेंदूला एकच जुना, झटपट उपाय आठवतो. म्हणून ही ओढ चारित्र्याचा दोष मानता येत नाही. तो आजाराचाच भाग आहे.

आता हे गावात ठेवून पाहू. समजा, अल्लीपूरचा एक तरुण शेतकरी उपचार घेऊन घरी आला. कपाशीवर बोंडअळी आहे, वेचणीला मजूर मिळत नाहीत, सोयाबीनचा भाव पडला आहे आणि पीककर्जाचा हप्ता मार्चअखेर भरायचा आहे. पानठेला तोच, मित्र तेच आणि खिशात कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे. औषधाने त्याचे शरीर सावरले. त्याच्याभोवतीचे काहीच बदललेले नाही.

औषधांचे काम काय?

ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवायचे औषध त्रास आणि ओढ दोन्ही कमी करते. ते आणि मेथाडोन ही दोन औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ‘एक व्यसन सोडून दुसरे लावले’ हा त्यांच्याविषयीचा मोठा गैरसमज आहे. योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली घेतल्यास रुग्ण कामावर जाऊ शकतो, घर सांभाळू शकतो आणि अतिमात्रेने मृत्यू होण्याचा धोकाही घटतो. हे उपचार काही महिने, कधी काही वर्षेही चालतात. गावकऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या सांगण्यावरून ते मध्येच बंद करणे घातक ठरू शकते.

पण औषध हप्ता भरत नाही, भांडण मिटवत नाही आणि मित्राला नाही म्हणायला शिकवत नाही. ते शिकण्याइतकी उसंत ते मिळवून देते.

ताण कसा हाताळायचा?

समुपदेशनात पहिले काम असते ते आपले धोक्याचे क्षण ओळखण्याचे. गोळीची आठवण कधी येते, कुठे, कोणाबरोबर असताना, हे आठवडाभर वहीत लिहून काढले की नेमके चित्र समोर येते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात चार गोष्टी हमखास तपासायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. ओढ वाढली, की या चारपैकी काय आहे, हे आधी पाहायचे. जेवण, झोप किंवा कोणाशी तरी बोलणे एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

दुसरे म्हणजे, ओढ लाटेसारखी येते. ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरू लागते. तेवढा वेळ निभावणे हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येते. जागा बदलणे, चालायला निघणे, पाणी पिणे, संथ श्वास घेणे, ठरलेल्या माणसाला फोन करणे, यातले काय करायचे ते आधीच ठरवून ठेवावे. ऐन ओढीच्या वेळी सुचत नाही.

तिसरे म्हणजे, सवय नुसती सोडता येत नाही. तिची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. संध्याकाळी पानठेल्यावर जाणारा वेळ भजनी मंडळ, व्यायाम किंवा व्हॉलीबॉलला देता येतो. चुकाऱ्याची रक्कम काही महिने घरातल्या विश्वासू माणसाच्या हाती देता येते. ‘आज नाही घेत, दवाखाना चालू आहे,’ हे वाक्य मोठ्याने म्हणण्याचा सरावही समुपदेशक करून घेतात. कर्जाचा ताण असेल तर हप्त्याच्या तारखेआधीच बँकेत जाऊन बोलणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

‘मुक्तांगण’कडून काय शिकता येते?

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत गर्दचे व्यसन पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलेली लेखमाला गाजली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसवली. तिथे औषधोपचाराइतकेच महत्त्व ठरलेली दिनचर्या, गटचर्चा, योग आणि कलांना मिळाले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते म्हणून नव्यांना आधार देऊ लागली. केंद्रातून घरी गेल्यावरही पाठपुरावा सुरू राहिला. या अनुभवाचे सार असे, की घरी परतणे म्हणजे उपचार संपणे नव्हे.

पुन्हा पाय घसरला तर?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी एकदा घसरणे आणि पूर्ण व्यसनात परतणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. ‘एकदा घेतलीच, आता सगळे संपले’ ही भावनाच माणसाला पुढे ढकलते. म्हणून एकदा चूक झाली तर ती लपवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगावे.

इथे जिवाचा प्रश्न आहे. काही आठवडे व्यसन बंद राहिले, की शरीराची सहनशक्ती कमी होते. पूर्वीची ‘नेहमीची’ मात्रा तेव्हा श्वास थांबवू शकते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर धोका आणखी वाढतो. माणूस हाक मारून उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील तर तातडीने १०८ वर फोन करावा. काय घेतले ते न लपवता सांगावे. नालोक्सोन हे औषध वेळेत मिळाले तर ओपिऑइडचा परिणाम उलटवता येतो.

घरच्यांनी काय करावे?

रोज खिसे तपासणे, चारचौघांत टोमणे मारणे किंवा देवाची शपथ घालणे याने ताण वाढतो आणि ताण वाढला की ओढ वाढते. त्याचे व्यसनाचे कर्ज गुपचूप फेडत राहणेही उपयोगाचे नाही. औषधाची वेळ पाळली, कामावर गेला, खरे बोलला, अशा छोट्या बदलांची दखल घ्यावी. पत्नी आणि आई-वडील यांनाही आधाराची गरज असते. समुपदेशनाला त्यांनीही जावे.

मदत कुठे मिळेल?

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तर मानसिक ताणासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. अल्लीपूर परिसरातील रुग्णांना वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील मनोविकार विभाग जवळचे आहेत.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण पुढे येत नाहीत. मात्र अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार बंधनकारक आहे. मधुमेह किंवा रक्तदाब पुन्हा वाढला, तर रुग्णाला कोणी ‘सुधारायचेच नाही’ म्हणत नाही. औषध आणि पथ्य पुन्हा तपासले जाते. ओपिऑइडच्या रुग्णालाही नेमके तेच हवे असते.