साठीनंतरचे वजन : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पहाटे गाड्या खाली होऊ लागल्या, म्हणजे गाळ्यांच्या ओट्यांवर दोन-चार निवृत्त माथाडी हटकून बसलेले आढळतात. काम सुटून वर्षे लोटली तरी बाजाराची ओढ सुटलेली नसते. दंडावरचे मांस उतरलेले, गळ्याजवळची हाडे वर आलेली, आणि सदऱ्याच्या खालच्या गुंड्या ताणून धरणारे पोट, अशी त्यांतील कित्येकांची अंगलट असते. रक्तातील साखर तपासलीत काय, असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘आमच्या अंगावर चरबी कुठाय? तो आजार बसून खाणाऱ्या शेठलोकांचा.’

जावळी-पाटणातून, जुन्नर-आंबेगावातून येऊन ज्यांनी केवळ अंगबळावर संसार उभे केले, आणि ज्यांच्या श्रमाला 1969च्या माथाडी कायद्याने मजुरीची व भविष्यनिर्वाह निधीची हमी मिळाली, त्यांचा आपल्या देहावर असा भरवसा असावा हे स्वाभाविकच आहे. परंतु सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही, हा समज निराधार आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो देहभार निर्देशांक येतो, तो पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचाही 22.3 असा एकसारखाच होता; चरबीचे प्रमाण मात्र यडकिन यांच्या देहात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या देहात 21.2 टक्के भरले. ‘लॅन्सेट’ने 2004 साली ही जोडी छायाचित्रासह प्रसिद्ध केली. कट्टा काट्यावर चढला म्हणजे बारदानासकट वजन कळते, आतला सडका माल किती ते पोते सोडल्यावाचून कळत नाही. देहाच्या वजनाचेही असेच आहे. म्हणूनच इतरत्र 25 ही मर्यादा मानली जात असली, तरी आशियाई लोकांत धोका 23 पासूनच वाढू लागतो, आणि पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली तर वजन बेताचे असूनही तपासणी अगत्याची ठरते.

जन्मभर ओझी वाहिली, ती मेहनत म्हातारपणी कामी येईल, हाही असाच एक समज. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या अंमलाखाली मुख्यत्वे स्नायूंत शिरते. श्रम थांबले की स्नायू झपाट्याने क्षीण होतात, आहार व चहातली साखर मात्र पूर्वीच्याच शिरस्त्याने चालू राहते, आणि जी साखर स्नायूंत खपत असे तिला जागा उरत नाही. कमावलेले बळ साठवून ठेवण्याची सोय देहात नाही.

सर्वांत घातक समज मात्र तिसरा : म्हातारपणी माणूस वाळायचाच. साठ किलोच्या इसमाचे वजन सहा महिने ते वर्षभरात, कोणताही प्रयत्न न करता तीन किलोंनी उतरले, तर ते वयाच्या खाती मांडून मोकळे होणे हा निव्वळ हलगर्जीपणा होय. कारण त्यामागे क्षय, कर्करोग, काबूबाहेर गेलेला मधुमेह, थायरॉईडचा विकार, कवळीअभावी न चावता येणारी भाकरी किंवा सहचरी गेल्यानंतरची उदासी, यांपैकी काहीही असू शकते. 2017-18च्या राष्ट्रव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे चतुर्थांश लोकांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले होते. उलट, सत्तरीच्या माणसाचे वजन किंचित जास्त असले, तर तेवढ्यावरून त्याचे आयुष्य घटते असे दिसत नाही. तेव्हा आजोबांच्या ताटातली भाकरी उचलण्यापूर्वी त्यांची कंबर, रक्तदाब व साखर पाहावी.

आजाराचे निदान झाले की जेवण तोडायचे, ही घरोघरी निघणारी तजवीज म्हणूनच मला भयंकर वाटते. उपासाने चरबीबरोबर स्नायूही झडतात. मटकी, डाळ, अंडी, दही, सुकट यांचा वाटा वाढवून (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच), रोज चालणे आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्यासारखा बळाचा व्यायाम करणे, हा खरा मार्ग आहे. आता या वयात काय फरक पडणार, असे म्हणणाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील प्रयोग ध्यानात घ्यावा : मधुमेहाच्या उंबरठ्यावरील स्थूल लोकांना सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्यास दीडशे मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले असता मधुमेहाचे प्रमाण एकंदरीत 58 टक्क्यांनी, आणि साठीपुढील लोकांत तर 71 टक्क्यांनी घटले. गुडघेदुखीने बेजार झालेल्या स्थूल वृद्धांत एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

साताऱ्याकडच्या घरांतून एकादशी निष्ठेने पाळली जाते, म्हणून एक खबरदारी सांगणे अवश्य आहे. इन्सुलिन, किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या काही गोळ्या, नेहमीच्या मात्रेत घेऊन निर्जळ उपास केला, तर घाम फुटतो, हात थरथरतात, प्रसंगी शुद्ध हरपते. त्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच मुक्रर करून घ्यावी, आणि अशी लक्षणे दिसताच उपास मोडून साखरपाणी पाजावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.